टेकडीवरचे काका

हिवाळ्यात वेताळ टेकडीवर पक्षीगणना असली की हे काका असतातच. डोक्याला माकडटोपी, गळ्यात दुर्बीण आणि दवानं शाई फुटते म्हणून कानामागं पेन्सिल. महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जयंतीपासून सालिम अलींच्या जयंतीपर्यंत. काकांचा सप्ताह फेब्रुवारीअखेरपर्यंत लांबतो.

नवखी मंडळी आकाशाकडं बघत चालतात. "वर काय बघता? आधी झाडं बघा!" काका खेकसतात. गिरीपुष्पाच्या दाटीपाशी ते फार रेंगाळत नाहीत. "बाहेरून आणून लावलेलं झाड. पुढं चला." उघड्या खडकाशी मात्र हमखास थांबतात. तिथं थिरथिरा शेपूट थरथरवत बसलेला असतो. उत्तरेकडून इतक्या लांब आलेल्या पाहुण्याचं कौतुक काका असं करतात, की जणू जावई दिवाळसणाला आलाय.

खरी परीक्षा बाभळीत. आत काहीतरी मातकट, चिमणीपेक्षा बारीक, क्षणभर दिसतं नि गडप होतं. काका डोळे मिटतात, "टक्... टक्..." ऐकतात आणि वहीत लिहितात: 'वटवट्या, जात नक्की नाही.'

एरवी काकांचं नि सत्याचं फारसं सख्य नाही. तरुणपणी सिंहगडावर आपण किती वेळा गेलो, हा त्यांचा आकडा खरा धरला तर गड एव्हाना झिजायला हवा होता. पण पेन्सिल हातात आली की त्यांचा हरिश्चंद्र होतो.

"काका, गरुड!" हातभर लेन्सवाला पोरगा ओरडतो.

"घार."

"पण केवढा मोठाय!"

"शेपूट बघ. मधे खाच आहे. घार."

शेवटी सगळे दगडांवर बसून मोज्यांत रुतलेली कुसळं एकेक करून उपटत असतात, तेव्हा बेरीज होते. एकोणपन्नास.

"काका, त्या वटवट्याला काहीतरी नाव द्या की. पन्नास होतील," डब्यातली इडली पुढं करत एक ताई म्हणतात.

काका इडली घेतात. आकडा तोच राहतो. "पन्नास हवेत? मग उद्या परत या."

संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर कुणीतरी विचारतं, "काय काका, आज किती पक्षी?"

"मोजतो कोण! सत्तर-ऐंशी सहज असतील."