गच्चीवरची म्हैस

आमच्या गच्चीवर सात वर्षं एक म्हैस होती. काळीभोर, सातशे चौरस फुटांची, चारी अंगं पसरून बसलेली. दूध देत नव्हती; पण रात्री दहाच्या सुमाराला खाली अशी काही ऊब सोडायची, की खोलीत ठेवलेलं विरजण जेवणं आटपेपर्यंत लागून आंबट व्हायचं.

झालं होतं ते असं. एका पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला. कॉन्ट्रॅक्टर आला, त्यानं गच्चीभर डांबरी शीट अंथरली, गॅसच्या जाळानं चिकटवली आणि म्हणाला, "आता थेंब येणार नाही साहेब." शब्दाचा पक्का निघाला. छतातून येणारा थेंब बंद झाला आणि आमच्या कपाळावरून यायला लागला.

म्हैस हे नाव आईनं ठेवलं. म्हशीचं अंग काळं आणि घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून बिचारी पाण्यात जाऊन बसते. रंकाळ्यात डुंबणाऱ्या म्हशी बघत आमची पिढी मोठी झाली. कोल्हापुरात म्हैस पाळणारा माणूस आधी तिच्या पाण्याची सोय बघतो. आम्ही मात्र हिला भर उन्हात बांधली आणि रोज रात्री तिच्या पोटाखाली जाऊन झोपलो.

मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर आज्ज्यानं बांधलेलं. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं परडं. वर कडीपाट, कडीपाटावर माळा आणि सगळ्यांच्या डोक्यावर मंगलोरी कौलं. ही कौलं म्हणजे बासेल मिशनच्या पाद्र्यांनी १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, त्या वंशातली. ऊन कौलांवर पडायचं, तापलेली हवा फटींतून निघून जायची. उरलेली माळ्यावर शिरली, की शेंगांची पोती, कांदे, लग्नातली पातेली आणि तीन पिढ्यांच्या गोधड्या यांच्यात वाट चुकायची. खाली मे महिन्याच्या दुपारी आज्जी पांघरूण मागायची. इन्सुलेशन हा शब्द घरात कुणाला ठाऊक नव्हता. त्याला आम्ही अडगळ म्हणायचो.

मग वाळवी लागली, दरवर्षीच्या शाकारणीला माणसं मिळेनात, आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्यांचा स्लॅब झाला. आमचंही घर पडलं. स्लॅब ओतला त्या दिवशी मटण होतं. तांबड्या रश्शाचं एक पातेलं, पांढऱ्याचं एक. वडील मिशीला पीळ देत म्हणाले, "आता वर आणि दोन मजले चढवू." ते मजले अजून चढायचे आहेत. त्यांच्यासाठी ठेवलेल्या सळया मात्र आजतागायत आभाळाकडं बोट दाखवून उभ्या आहेत.

एप्रिलात पारा ३७-३८ वर जायला लागला तसा आम्ही एसी घेतला. १ जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू होतानाच २४ अंशांवर असला पाहिजे, असा सरकारी नियम आहे. आणि एकेक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं सांगणं. आमचा एसी नियमानं २४ वर सुरू व्हायचा आणि चिरंजीव त्याला १८ वर नेऊन ठेवायचे. खोली दोघांचंही ऐकायची नाही. बिल तेवढं ऐकायचं.

उद्यमनगरात माझ्या एका दोस्ताची फौंड्री आहे. तो एका रात्री जेवायला आला, भिंतीला हात लावला आणि हसायलाच लागला. "भावा, आमच्याकडं चौदाशे-पंधराशे डिग्रीचा लोखंडाचा रस असतोय. बाजूला उभा राहून माणूस चहा पितोय. मध्ये काय असतंय? लायनिंग! तू लायनिंग न करता भट्टी बांधलीस आणि आत संसार मांडलास." वर एसीकडं बघून म्हणाला, "ह्यो गडी खोली गार करत नाही. स्लॅब गार करायलाय. ह्याचा जन्म जाणार त्यात."

उपाय मात्र पहिल्यांदा मामांनी केला. मामा करवीर तालुक्यातले, ऊसवाले. "गोठ्यावर उसाचं पाचट टाकतोय मी. जनावरं कशी गार असत्यात बघ. तुमची म्हैस काय वेगळी हाय?" तर्क बिनतोड होता. वाळक्या पाल्यात हवा अडकते, आणि अडकलेली हवा उष्णतेला पुढं सरकू देत नाही. थर्मोकोलची आणि गोधडीचीही तीच विद्या. ट्रॅक्टरभर पाचट गच्चीवर चढलं. चार दिवस घर खरोखर गार होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी वळीव आला. वळवाच्या आधी वारा येतो, हे मी विसरलो होतो. वाऱ्यानं पाचट उचललं आणि सगळ्या पेठेला वाटून दिलं. पुढचे दोन दिवस मी झाडू घेऊन गल्लीत माफी मागत फिरत होतो. एका वहिनींनी आमच्या नावानं तिसऱ्या गल्लीतून पोतं भरून परत पाठवलं.

शेवटी आर्किटेक्चर शिकणारी भाची आली. तिनं कागदावर गणित मांडलं. थर्मोकोलपेक्षा काँक्रीट चाळीसेक पट सहज उष्णता वाहून नेतं. घरांसाठी २०१८ साली 'इको निवास संहिता' आली, तिच्यात छतातून उष्णता झिरपण्याला मर्यादा घालून दिली आहे. नुसत्या स्लॅबमधून त्या मर्यादेच्या अडीच-तीन पट झिरपते. "दुपारचं ऊन स्लॅब पितो आणि रात्री तुमच्यावर सोडतो, मामा."

"पण काळ्या रंगाला का दोष देतेस?" आमचे मामा मध्ये पडले. "न्यू पॅलेस काळ्या दगडाचाच हाय की. १८८४ पासून उन्हात उभा हाय. आत कसा गारवा असतोय!"

"आजोबा, तिथल्या भिंती बघा केवढ्या जाड आहेत. तो राजवाडा आहे. हा पाच इंची स्लॅब आहे."

मामा गप्प झाले. छत्रपतींशी बरोबरी करायची आमच्या घराण्यात रीत नाही.

खरं औषध म्हणजे स्लॅबवर इन्सुलेशनच्या फळ्या आणि त्यावर कोबा. त्यासाठी म्हशीचं कातडं सोलावं लागणार होतं आणि माझंही. मग स्वस्तातला उपाय ठरला: गच्ची रंगवायची. इथं घरात दोन तट पडले. गल्लीतल्या सगळ्या गच्च्या वॉटरप्रूफिंगच्या विटकरी रंगानं तांबड्या होत्या. बायकोला तोच रंग हवा होता. भाची पांढऱ्यावर अडून बसली. "ऊन आत आल्यावर त्याच्याशी भांडण्यापेक्षा दारातूनच परत लावलेलं बरं. अहमदाबादेत वस्त्यांमधली छतं अशी पांढरी केलीत. तेलंगणानं तर २०२३ मध्ये त्याचं धोरणच काढलं."

तांबडा की पांढरा, हा प्रश्न कोल्हापुरी माणसाला विचारायचा नसतो. त्याला दोन्ही लागतात. पण गच्चीला वाटी एकच होती. पांढरा वाढला.

ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात बसले. शेजाऱ्यांनी कठड्यावरून विचारलं, "चुना लावला काय?" मी रंगाची किंमत सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे दुकानदारानं तुम्हाला लावला."

त्या रात्री मी पलंगावर उभा राहून छताला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. छत कोमट होतं. नुसतं कोमट! बायको म्हणाली, "अहो, झोपा आता. आशीर्वाद पुरे झाला त्याला." पश्चिमेच्या भिंतीला आईचं कपाट सरकवलं, त्यात तिच्या सगळ्या गोधड्या रचल्या, आणि ती भिंतही निवली. पाडलेल्या घरातली अडगळ तीस वर्षांनी पुन्हा कामावर रुजू झाली. एसी आता उशिरा लागतो आणि पहाटेआधी बंद होतो. चिरंजीवसुद्धा २४ वर नांदतात.

मी विजयी मुद्रेनं फिरत होतो. आठवड्यानं आई सांडग्यांची ताटं घेऊन गच्चीवर गेली, आणि संध्याकाळी तोंड पाडून खाली आली.

"आरं, काय करून ठेवलंस हे? सांडगं अजून ओलंच हाईत. काळ्यावर एका दिवसात खडखडीत वाळायचं. चटणीच्या मिरच्या अजून वाळवायच्या हाईत. वर्षाची चटणी कशी व्हायची?"

सात वर्षं जिला आम्ही शिव्या घातल्या, ती आईची दुभती म्हैस होती, हे त्या दिवशी कळलं. घरात कांदा-लसूण चटणी नसेल, तर गारव्यात बसून खायचं काय? चुलीपुढं विज्ञानानं माघार घेतली. दिवसभर जिथं ऊन हलत नाही, तो सहा बाय सहाचा तुकडा आईनं स्वतः निवडला आणि त्यावर काळा रंग मारून घेतला.

म्हैस गेली, रेडकू राहिलं. भाचीनं खाली येऊन मापं घेतली, तेव्हा कळलं, की ते बरोबर माझ्या उशीवर बसलंय.