दिवो लावूक माणूस नाय

आधी न्यूयॉर्कला जाऊन येऊ. १ मे १९३१ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंग उघडली तेव्हा महामंदी ऐन भरात होती. एकशे दोन मजले उभे राहिले आणि भाडेकरूच मिळेनात. टवाळखोरांनी 'एम्पायर'चं 'एम्प्टी' करून टाकलं. एम्प्टी स्टेट बिल्डिंग! बरोबर पन्नास वर्षांनी, १ मे १९८१ला, रत्नागिरीतून फुटून आमचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि पुढे ओरोसला त्याचं ठाणं बसलं. निव्वळ योगायोग. 'ओरोस'मधला 'रो' काढला की काय उरतं ते मी सांगणार नाही. मला एका दाखल्यासाठी उद्या तिकडेच जायचं आहे.

रिकाम्या इमारतींना नावं ठेवण्यात जग तरबेज. १९८०च्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि ह्यूस्टनमधल्या काचेच्या कचेऱ्या ओस पडल्या. दलालांनी त्यांना 'आरपार' म्हणायला सुरुवात केली, कारण आत ना टेबल ना माणूस, या काचेतून बघावं तर त्या काचेतलं आभाळ. चिनी लोक अर्धवट सोडलेल्या इमारतीला 'लानवेइलौ' म्हणतात, म्हणजे शेपूट कुजलेली. आपल्याकडे सगळ्याला दोनच शिक्के. पहिला पांढरा हत्ती. तोही सयामच्या राजाचा, उसना आणलेला. दोडामार्गात २००२पासून कर्नाटकातले काळे हत्ती येतात. ते माड उलथवतात तर पंचनामा होतो, भरपाई मागता येते. पांढऱ्याचा पंचनामा कोण करणार?

दुसरा शिक्का भूतबंगला. त्यात भूत तेवढं घरचं. बंगला मूळचा बंगालचा, साहेबाने देशभर नेलेला. भुतांना मात्र उगाच बदनाम करू नये. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' मालिकेतल्या खोट्या भुतांनी आकेरीच्या वाड्यापर्यंत पर्यटक आणून दाखवले. कोट्यवधींच्या योजनांना ते जमत नाही.

पण अस्सल शब्द आमच्याच महसुली दप्तरात पडून आहे: बेचिराख. बॉम्ब पडून राख झालेलं शहर, असा अर्थ आता आपण घेतो. त्या राखेचा आणि या शब्दाचा मुळात काही संबंध नाही. तो फारसी 'बे-चिराग', म्हणजे दिवा नसलेलं. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही, ते जुन्या कारकुनाच्या लेखी बेचिराख. आता गंमत बघा. फारसीचा गंध नसलेली मालवणी म्हातारी शेजारच्या कुलूपबंद घराकडे बोट दाखवून काय म्हणते? "थंय दिवो लावूक माणूस नाय." कारकुनाने दोन शब्द जोडून जे लिहिलं, ते तिने खळ्यात बसून सांगितलं. २००१ साली या जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती, २०११ला ८,४९,६५१. ही एकोणीस हजारांची घट म्हणजे दिव्यांचाच हिशेब. चाकरमानी गणपतीला येतो, कुलूप उघडतो, जाळी काढतो, आणि जाताना देवापुढच्या दिव्यासाठी शेजाऱ्याच्या हातावर पैसे ठेवून जातो.

घरांचं हे असं. कचेऱ्यांची तऱ्हा बरोबर उलटी, आणि तिथे बिचारी फारसीही हात टेकते. घरात माणूस नाही म्हणून दिवा नाही. कचेरीत माणूस नाही, पण दिवा आहे. पंखाही आहे. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल आहे. टेबलावर पेपरवेट आहे, त्याखाली कागद फडफडतो आहे. याला बेचिराख कसं म्हणायचं? बाचिराख म्हणा हवं तर. शब्द माझा, रॉयल्टी नको.

परवाच एका कचेरीत हे दर्शन झालं. चार ट्यूबलाइटी, सहा पंखे, माणूस शून्य. व्हरांड्यात शिपाई तंबाखू मळत होता.

"सायब?"

"मीटिंगेक गेलेसत."

"आणि बाकीचे?"

"सायबांवांगडा."

"मग लायटी कित्याक जळतत?"

त्याने माझ्याकडे, हा मुंबईचा दिसतोय, अशा नजरेने पाहिलं. "बंद केल्यो तर लोकांका वाटतला, ऑफिस बंद आसा."