भाग दुसरा, मालक तिसरा

अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं केशोरी लाल मिरचीसाठी ओळखलं जातं. तिथल्या गेमच्या चाहत्याचा ठसकाही त्याच मातीतला. फरक एवढाच, मिरचीला हंगाम असतो. चाहत्याच्या तक्रारीला नाही.

हा चाहता चाळिशी ओलांडलेला आहे. ऑनलाइन फॉर्म, आधार दुरुस्ती, पीकविमा आणि सातबाऱ्याची नक्कल काढून देण्याचं त्याचं छोटं दुकान आहे, आणि दुकानात एक संगणक आहे. त्या संगणकाची ताकद फॉर्म भरण्याला लागते त्याच्या किमान दहापट आहे. का, ते घरच्यांना विचारू नये. शाळकरी वयात नागपूरहून आलेल्या, वर पेनाने नाव लिहिलेल्या सीडींवर त्याला ‘फॉलआउट’ (१९९७) आणि ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) भेटले. आपलं पात्र आपण घडवायचं, पडत-झडत त्याची ताकद वाढवायची, समोरच्याला काय उत्तर द्यायचं तेही आपणच ठरवायचं आणि त्या उत्तराप्रमाणे कथेने वळण घ्यायचं, असे हे रोल-प्लेइंग गेम. गावात कुणी न विचारणारा पोरगा तिथे राज्याचं भवितव्य ठरवत होता. ही चटक सुटणं कठीणच.

एके दुपारी सातबाऱ्यासाठी आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने स्क्रीनवर तोंडाला सोंडा लोंबणारा प्राणी पाहिला आणि चौकशी सुरू केली.

“हे काय होय जी?”

“गेम होय, मामाजी. बाल्डर्स गेट. तिसरा भाग.”

“अन् पयला कवा आला होता?”

“मी शाळेत होतो तवा.”

“मंग बनवनारे तेच हायेत काय?”

“नाई. ते वेगळे होते, हे वेगळे हायेत.”

“अन् नाव?”

“नावाचा मालक आनखी तिसराच हाये.”

“म्हन्जे फेरफार झाला म्हन की!” असं म्हणून मामाजींनी आपली नक्कल घडी करून खिशात घातली आणि ते निघून गेले. गेमच्या समीक्षकांनी हजारो शब्द खर्चून जे सांगितलं, ते त्यांनी एका ओळीत आणि नक्कलेच्या फीमध्ये उरकलं.

जुन्या गेमच्या पुढच्या भागांचा इतिहास खरोखरच तलाठ्याच्या दप्तरात शोभावा असा आहे. ‘फॉलआउट’चे पहिले दोन भाग इंटरप्ले कंपनीचे. कंपनी कर्जात बुडाली आणि २००७ साली तिने हे नाव बेथेस्डाला साडेसत्तावन्न लाख डॉलरला विकून टाकलं. पुढच्याच वर्षी ‘फॉलआउट ३’ आला. वरून दिसणारा पट गेला, पात्राच्या डोळ्यांतून दिसणारं जग आलं, आणि पाळी-पाळीने विचार करून लढण्याऐवजी थेट बंदूक हातात आली. जुन्या चाहत्यांनी छाती पिटून घेतली. नव्या मालकाचा आधीचा गाजलेला गेम ‘ऑब्लिव्हियन’. त्यालाच बंदुका चिकटवल्यात, असा टोमणा जगभर फिरला. गेम मात्र धो धो चालला.

भारतात तर त्याची कथा आणखी रंगली. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की सांस्कृतिक संवेदनशीलता लक्षात घेऊन ‘फॉलआउट ३’ची एक्सबॉक्स आवृत्ती भारतात आणली जाणार नाही. कुठली संवेदनशीलता, ते कंपनीने सांगितलं नाही. तर्क लोकांनीच लढवला: अणुयुद्धानंतरच्या त्या जगात किरणोत्सर्गाने दोन डोकी फुटलेल्या गाई फिरतात, आणि त्यांचं नाव आहे ‘ब्राह्मिन’. म्हणजे केशोरीतला चाहता दहा वर्षं ज्या पुढच्या भागाच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता, तो वाटेत गाय आडवी आली म्हणून अडला. हा अनुभव अर्जुनी-वडसा रस्त्यावर रोज येतो; सिएटलजवळच्या कंपनीकडून येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

आता बाल्डर्स गेट. पहिले दोन भाग कॅनडातल्या बायोवेअरने केले. कंपनी काढणाऱ्यांत चक्क डॉक्टर होते. दुसरा भाग २००० साली आला आणि मग तेवीस वर्षं सामसूम. तिसरा भाग ऑगस्ट २०२३ मध्ये केला बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओने. नावावर हक्क मात्र विझार्ड्स ऑफ द कोस्टचा, म्हणजे पर्यायाने हॅस्ब्रो या खेळणी कंपनीचा. २०२० च्या ऑक्टोबरात अर्धवट आवृत्ती बाजारात आली तेव्हा आपल्या चाहत्याने दुकानात बसूनच फतवा काढला होता: जुन्या भागांत लढाई सलग चालायची, हवं तेव्हा थांबवता यायची, यांनी पाळी-पाळीची केली. हा बाल्डर्स गेट नव्हेच, लॅरियनच्याच जुन्या ‘डिव्हिनिटी’ला दुसरा अंगरखा घातलाय. तीन वर्षांनी त्या अंगरख्याला गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. चाहत्याने तो दोनदा संपवला आणि “आपण तर पयलेच म्हनलं होतं” हे वाक्य सोयीस्करपणे दोन्ही अर्थांनी वापरायला सुरुवात केली.

गेम मिळवणं हेही एक साहसच होतं. तो ठेवायला दीडशे जीबी जागा लागते. मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीवर तो उतरवायचा तर शंभर दिवस लागतात, आणि त्या शंभर दिवसांत घरात कुणी एकही रील पाहायची नाही. हे धर्मसंकट कुठल्याही गेममधल्या राक्षसापेक्षा मोठं. शेवटी हार्ड डिस्क एसटीने नागपूरला गेली आणि भरून परत आली.

तर चाहत्याची चूक ही, की तो धुऱ्यासाठी भांडतो आणि तोवर वावर विकलं गेलेलं असतं. लढाई सलग असावी की पाळीची, कॅमेरा वर असावा की डोळ्यांत, यावर तो रात्र रात्र जागतो. पण आजवर पुढचे भाग बिघडले ते बहुतेक कॅलेंडरने आणि मालकाच्या घाईने. ‘स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’चा दुसरा भाग २००४ च्या नाताळाआधी दुकानात पोचलाच पाहिजे म्हणून ऑब्सिडियनला शेवटाकडचे प्रसंगच्या प्रसंग कापावे लागले. ते तुकडे फाइलींमध्ये तसेच पडून होते. पुढे चाहत्यांनीच वर्षानुवर्षं खपून ते जोडले, तेही फुकट. कंपनीने अर्धवट सोडलेलं काम गिऱ्हाइकाने पूर्ण करायचं, अशी उदारता ठेकेदारांना कळली तर गोंदिया जिल्ह्यातल्या रस्त्यांचं काही खरं नाही.

याच ऑब्सिडियनने २०१० मध्ये ‘फॉलआउट: न्यू वेगास’ केला. जुन्या चाहत्यांना आपला वाटलेला नव्या काळातला हा एकमेव फॉलआउट. करार असा होता की मेटाक्रिटिकवर समीक्षकांची सरासरी ८५ आली तर बक्षिसी मिळेल. सरासरी आली ८४. एका गुणाने प्रथम श्रेणी हुकलेल्या पोरासारखा हा गेम आज आख्यायिका होऊन बसलाय. बक्षिसी मात्र बुडाली ती बुडालीच.

‘व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’ची तऱ्हा तर निराळीच. मूळ गेम २००४ चा, करणारी ट्रॉइका कंपनी लवकरच बंद पडली. दुसऱ्या भागाची घोषणा २०१९ मध्ये झाली; २०२१ मध्ये करणाऱ्या स्टुडिओच्या हातून काम काढून घेतलं; मग ते दुसऱ्याकडे गेलं; आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदाचा गेम आला. गेममधलं पात्र शतकभर झोपून उठतं. चाहत्याला त्यात अतिशयोक्ती काही वाटली नाही.

वाट पाहायला लावण्यात बेथेस्डाचा हात धरणारा कुणी नाही. ‘स्कायरिम’ ११ नोव्हेंबर २०११ ला आला. पुढच्या भागाची, ‘एल्डर स्क्रोल्स ६’ची घोषणा जून २०१८ मध्ये झाली: डोंगर, धुकं, संगीत, नाव, संपलं. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आसपास. त्या महिन्यात केशोरीत जन्मलेलं पोर आता झेडपीच्या शाळेत पाढे म्हणतंय आणि गेमचा पत्ता नाही. दरम्यान ‘स्कायरिम’च नव्या-नव्या आवृत्त्यांत पुन्हा पुन्हा विकून झाला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये २००६ चा ‘ऑब्लिव्हियन’ रंगरंगोटी करून आला. याच गेमसाठी २००६ मध्ये घोड्याचं चिलखत वेगळे अडीच डॉलर घेऊन विकलं होतं, आणि त्यावर तेव्हा सगळं जग हसलं होतं. आता चिलखत न विकणारी कंपनी शोधावी लागते.

चाहता दिवाळीनंतर झाडीपट्टीचं नाटक पाहायलाही न चुकता जातो. वडशातल्या मंडळ्या गावोगाव फिरतात, मंडई आणि शंकरपटाच्या मुक्कामाला रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. तिथेही त्याची तक्रार तीच: पूर्वी गाणं होतं, आता डान्स घुसवतात, जाहिरातीत मुंबईची नटी मोठी आणि आपला झाडीचा नट बोटभर. (झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा हा बोटभर नट जाहिरातींत दोन बोटं वाढला असेल, अशी आशा.) पण तिथे एक सोय आहे. खेळ पडला तर पुढच्या वर्षी गावचं मंडळ त्या कंपनीला बोलावत नाही. चार खुर्च्या मोडतात, दोन शिव्या बसतात, हिशेब मिटतो.

गेममध्ये मात्र चाहता महिनोन् महिने आधी पैसे मोजतो आणि मग काळजी करत बसतो. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ची ऐंशी लाखांवर आगाऊ नोंदणी झाली होती. गेम आला तो जुन्या यंत्रांवर इतका लंगडत, की आठवड्याभरात सोनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला आणि पैसे परत दिले. परत विक्रीला यायला २०२१ चा जून उजाडला. पुढे कंपनीने तो निगुतीने दुरुस्त केला, हेही खरं. पण आगाऊ पैसे देणाऱ्यांनी त्यातून धडा काय घेतला? पुढच्या गेमची नोंदणी.

निषेध करावा तर गेमच्या चाहत्यांनीच. २०१२ मध्ये ‘मास इफेक्ट ३’चा शेवट पसंत पडला नाही तेव्हा त्यांनी वर्गणी काढून बायोवेअरला चारशे कपकेक पाठवले: लाल, हिरवे, निळे. चव तिन्ही रंगांत एकच, व्हॅनिला. गेममध्ये शेवट निवडायचे तीन रंग होते आणि चव एकच होती, असा त्याचा अर्थ. केशोरीच्या चाहत्याला ही कल्पना फार आवडली. आपण असतो तर तीन रंगांच्या पिशव्यांत एकच मिरची पूड पाठवली असती, असं तो म्हणतो, आणि परिणाम जास्त झाला असता याबद्दल शंका नाही.

२०१८ मध्ये ब्लिझार्ड कंपनीच्या ब्लिझकॉन या मेळाव्यात उलट घडलं. संगणकावरच्या ‘डायब्लो’च्या पुढच्या भागाची आस लावून जमलेल्या गर्दीला ब्लिझार्डने मोबाईलवरचा डायब्लो दाखवला. सभागृह नाराज झालं, तेव्हा मंचावरून विचारणा झाली की तुमच्याकडे फोन नाहीत का. अमेरिकेत याची टिंगल आजही चालते. केशोरीत या प्रश्नावर कुणाला हसू आलं नाही, कारण गावात फोन तेवढाच सगळ्यांकडे आहे. दुकानात येणारी कॉलेजची पोरं चाहत्याला विचारतातच, “काका, हे मोबाईलवर नाई येत काय?” आणि काका तेव्हा ब्लिझार्डच्या गर्दीपेक्षा जास्त नाराज होतात.

घरची आशा म्हणावी तर पुण्याची. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. जत्रेतल्या कसरती करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, समोर महाबलासुर, पाठीशी दुर्गा. तो काटेकोर अर्थाने रोल-प्लेइंग नव्हे, आणि शेवट असा मध्येच तुटतो की पान फाटलं की काय, असं वाटावं. २०२५ च्या नोव्हेंबरात ‘राजी: कलियुग’ या पुढच्या भागाची घोषणा झाली. स्टुडिओ तोच, नावही त्यांचंच. फेरफारात दोष काढायला जागा न उरल्याने चाहता सध्या अस्वस्थ आहे.

त्याचं मन लागलंय ‘विचर ४’मध्ये. पोलंडच्या आंद्रे सापकोव्हस्कींच्या कथांवरचा हा गेम. लेखकाने सुरुवातीला टक्केवारी नाकारून एकरकमी पैसे घेतले, गेम काय चालणार म्हणून. तिसऱ्या भागाने (२०१५) जग जिंकल्यावर २०१८ मध्ये त्यांनी गेम करणाऱ्या कंपनीकडे सहा कोटी झ्लॉटी मागितले, आणि २०१९ च्या अखेरीस दोघांत नवा करार झाला. चाहत्याच्या दुकानात बसणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. समृद्धी महामार्गाच्या मोबदल्याच्या कथा सगळ्यांनी ऐकलेल्या आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये चौथ्या भागाची झलक आली तेव्हा नायक गेराल्टऐवजी सिरी पुढे होती. काहींनी आकांत मांडला. आपल्या चाहत्याने मांडला नाही. सिरीला तिसऱ्या भागात मोठी होताना त्याने पाहिलंय, पोरगी कर्तबगार आहे, असं त्याचं मत. त्याची काळजी वेगळी आहे. झलकीतलं ते जंगल, ते पाणी, ते केस आजच्या त्याच्या ग्राफिक्स कार्डावर चालणार नाहीत, आणि नव्या कार्डाची किंमत बायकोला सांगायची तर यंदा मिरचीला भाव काय मिळतो ते आधी पाहावं लागेल. अर्धा एकर त्याने जास्तीचा लावलाय. घरी कारण विचारलं तेव्हा त्याने पोरीच्या शिक्षणाचं सांगितलं. पोरगी बारावीत आहे, तिला सगळं ठाऊक आहे, आणि गप्प बसण्याबद्दल तिने जुनं कार्ड आपल्या नावावर करून घेतलंय.