फ्रंटएंड मी बघतो

पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला चौघांचा ग्रुप पडला, की त्यात एक ठरलेला इसम निघतोच. मिनी प्रोजेक्टचा विषय ठरायच्या आत तो खुर्चीत मागे रेलून जाहीर करतो, "फ्रंटएंड मी बघतो." ग्रुपमध्ये एक मुलगी असते, ती काही न बोलता बाकीचं सगळं बघते. एक जण रिपोर्टच्या प्रिंट आणि स्पायरल बायंडिंग बघतो. चौथा फक्त यादीत दिसतो.

२०१९ च्या अभ्यासक्रमात पाचव्या सेमिस्टरला डेटाबेस, त्याच सेमिस्टरला इलेक्टिव्ह घेतलं तर एचसीआय, म्हणजे माणूस आणि यंत्र यांचं कसं जमतं त्याचं शास्त्र, आणि सहाव्याला वेब टेक्नॉलॉजी. आपल्या गड्याचा प्रोजेक्ट तिन्हीकडे एकच : हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम. मुखपृष्ठावर विषयाचं आणि मॅडमचं नाव बदललं की काम झालं. (एकदा मॅडमचं बदलायचं राहतं. तो भाग सोडून देऊ.)

हॉस्पिटलमधलं तो मन लावून बनवतो ते एवढंच : लॉगिन पेज. पण काय ते पेज! बटणाचे कोपरे आठ पिक्सेलने गोल करायचे की बारा, यावर व्हॉट्सॲपवर मतदान होतं. मागे जांभळा रंग हळूहळू गुलाबीत उतरतो. पासवर्ड चुकला की चौकट नकारार्थी मान हलवते. पासवर्ड बरोबर आला तर पुढे काय, हे मात्र कुणी विचारायचं नाही. दाराला झेंडूचं तोरण, आणि आत घर बांधायचंच राहून गेलेलं.

एचसीआयने तर तो पुरता बिघडतो. डोनाल्ड नॉर्मनचं १९८८ चं पुस्तक त्याने पहिल्या प्रकरणापर्यंत वाचलेलं असतं आणि त्यातली दारं त्याच्या डोक्यात बसलेली असतात. मेसच्या दाराला ढकलायच्या बाजूला हँडल दिसलं, की मागे ताटकळलेल्या भुकेल्या पोरांना तो समजावतो, "दार उघडत नाही यात तुझी चूक नाही, डिझाइनची आहे." याकोब नीलसनचे १० नियम त्याला पाठ आहेत. पहिला नियम असा, की सिस्टीम सध्या काय करतेय हे वापरणाऱ्याला सतत दिसलं पाहिजे. सबमिशनच्या आदल्या रात्री याचा स्वतःचा फोन बंद असतो.

अभ्यासात 'पर्सोना' नावाचं एक पान असतं, म्हणजे ज्याच्यासाठी बनवायचं त्या माणसाचं काल्पनिक वर्णन. हा लिहितो : वय ४८, गृहिणी, मोबाइलची फारशी सवय नाही, छोटी अक्षरं दिसत नाहीत. फोटोसुद्धा चिकटवतो. त्याच संध्याकाळी साताऱ्याहून आईचा फोन येतो, "अरे, ते लाइटबिल भरायचं कुठे दाबू?" आणि वापरणाऱ्याचा हा कैवारी खेकसतो, "अगं आई, समोरच तर आहे बटण! नीट बघ ना!"

डेटाबेसचा कारभार आणखी निराळा. आयबीएमच्या एडगर कॉडने १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, हे तो ओरलला धडाधड सांगतो. फर्स्ट नॉर्मल फॉर्म? "सर, प्रत्येक कप्प्यात एकच किंमत." उत्तर शंभर टक्के बरोबर. त्याच्या प्रोजेक्टमध्ये टेबल एकच असतं, त्याचं नाव 'न्यू फायनल', आणि त्यात पेशंटची सगळी औषधं एकाच कप्प्यात स्वल्पविराम देऊन दाटीवाटीने बसलेली. शेजारी पासवर्ड, उघडाबोडका.

एक्स्टर्नल सर एक पेशंट काढून टाकायला सांगतात. हा ऐटीत डिलीट दाबतो. पेशंट जातो, आणि त्याच ओळीत राहणारे डॉक्टर कुलकर्णीही जातात, कारण त्यांचा पेशंट तेवढा एकच होता.

"डॉक्टर कुठे गेले?" सर विचारतात.

"सर, यालाच डिलिशन अनॉमली म्हणतात. ती टाळण्यासाठी नॉर्मलायझेशन करतात."

इतकं जिवंत उदाहरण सरांना वर्षभरात मिळालेलं नसतं. ते हसतात आणि गुण देतात. मग मुलगी आपल्या लॅपटॉपवर तीन टेबलांची, खरी चालणारी सिस्टीम उघडते. रात्री दोनपर्यंत बसून टेबलांना एकमेकांशी बांधणाऱ्या फॉरेन की जोडलेल्या असतात, पण तोवर सरांचा चहा आलेला असतो. ते मान वर करून म्हणतात, "छान. पण रंगसंगती त्यांची बरी होती." चौघांना गुण सारखेच मिळतात.

हा मुलगा वाईट नाही. आपलं काम लोकांना दिसतं, तिचं दिसत नाही, एवढं त्याला फार लवकर कळलंय. आणि हिंजवडीत त्याचं चांगलं चालेल. तुमच्या घरी असा एखादा असेल तर बहिणीच्या लग्नाची पत्रिका त्याच्याकडूनच करून घ्या. पाहुण्यांची यादी मात्र वहीत ठेवा.