खोका बसवून घ्यावा

केबल टीव्ही डिजिटल करण्याचा कायदा २०११ साली झाला. पहिल्या टप्प्यात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई. मुदत ३० जून २०१२ होती, ती ३१ ऑक्टोबरवर गेली. त्यामुळे पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या ‘खोका बसवून घ्यावा’ या सूचनेपेक्षा पुढच्या मुदतवाढीवर जनतेचा विश्वास अधिक बसला. चेन्नईचे प्रकरण तर कोर्टात गेले.

डिजिटल सिग्नल सांकेतिक असतो, तो उलगडण्यासाठी सेट-टॉप बॉक्स लागतो. पूर्वी एकाच वायरीला फाटा फोडून आजीच्या खोलीतला टीव्हीही फुकटात चाले. आता प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र खोका, म्हणजे स्वतंत्र भाडे. ग्राहकाला स्वच्छ चित्राचे आमिष होते. खरी गोम मोजणीत होती: केबलवाले वरच्या कंपन्यांना जोडण्या कमी दाखवत आणि वसुली मात्र सगळ्यांकडून करत. खोक्यागणिक नोंद झाली की ही सोय संपणार होती. गंमत म्हणजे घरोघरी खोके बसवायचे काम याच केबलवाल्यांकडे आले.

घरातली तयारी म्हणजे फॉर्म, फोटो आणि दोन रिमोट. एकाने टीव्ही लागतो, दुसऱ्याने चॅनेल बदलते. आवाज कशाने वाढतो, यावर मतभेद आहेत.