राखीव वाहनतळाची निर्दोष अंमलबजावणी: कार्यालयप्रमुखांसाठी मार्गदर्शिका

आपल्या इमारतीत दिव्यांगांसाठी वाहनतळ ठेवायचाच नाही, असा विचार कोणाच्या मनात असेल तर त्याने तो आधी काढून टाकावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 लागू आहे आणि जागाच न देणारा अधिकारी पहिल्या तपासणीत सापडतो. नकार देणे हे नवशिक्याचे लक्षण. मुरलेला कार्यालयप्रमुख जागा देतो, पाटी लावतो, फोटो काढतो, अनुपालन अहवाल पाठवतो, आणि एवढे सगळे करून तिथे एकाही दिव्यांगाचे वाहन उभे राहणार नाही याची तजवीज ठेवतो. पुढील सूचना अशा होतकरूंसाठी आहेत. तहसील, नगरपरिषद, न्यायालय, रुग्णालय, नाट्यगृह, सर्वांना त्या सारख्याच लागू.

प्रथम जागा निवडावी. राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 सांगते की प्रवेशद्वारापासून फार तर 30 मीटरवर दोन मोटारींची जागा राखीव असावी. आता ते अंतर कोणत्या दारापासून मोजायचे, हे टेप धरणाऱ्याच्या हातात असते. प्रत्येक सरकारी इमारतीला मागचे एक दार असते. ते वर्षानुवर्षे कुलूपबंद असते आणि त्याच्या आत जुन्या फायलींचे गठ्ठे छताला टेकलेले असतात, म्हणून ते दार नव्हे असे कुठे लिहिले आहे? तिथून मोजावे. पोर्चलगतची जागा साहेबांच्या गाडीला लागते, तिचा विषयच काढू नये. ती गाडी दिवसभर सावलीत राहिली तरच ड्रायव्हरला आत झोपता येते.

पाटीवर मात्र खर्च करावा. निळ्या चौकोनातल्या चाकाच्या खुर्चीचे चिन्ह एका डॅनिश विद्यार्थिनीने 1968 मध्ये काढले. तिच्या मूळ आकृतीला डोके नव्हते, ते नंतर समितीच्या स्तरावर बसवण्यात आले. समितीने एखाद्या गोष्टीला डोके दिल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. जमिनीवरचे चिन्ह साध्या ऑइल पेंटमध्ये काढावे, थर्मोप्लास्टिक वापरू नये. ते टिकते. ऑइल पेंट पहिल्या पावसाळ्यात निम्मा जातो आणि 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असल्यामुळे आदल्या दिवशी नव्याने रंगवून बिल काढता येते.

आता रुंदी. या कामातला सगळा कस इथे लागतो. संहितेप्रमाणे राखीव जागा किमान 3.6 मीटर रुंद हवी. एरवी मोटारीला अडीच मीटर पुरतात. मग वरचे मीटरभर कशाला? तर दार सताड उघडायचे, खुर्ची काढून दाराला लावायची आणि माणसाने हातांच्या जोरावर सीटवरून खुर्चीत सरकायचे, यासाठी. म्हणजे प्रत्यक्षात राखीव असते ती ही पट्टी, गाडीची जागा नव्हे. गाडी काय, कुठेही मावते. पट्टी मोकळी राहावी म्हणून तिच्यावर तिरके पट्टे मारतात. कोणत्याही चाणाक्ष माणसाला तिथे काय दिसेल? गेटाजवळची, सिमेंटची, कायम रिकामी, दोन बुलेट आरामात मावतील अशी जागा. ती तशीच पडू देणे हा शासकीय मालमत्तेचा अपव्यय आहे. तिथे कर्मचाऱ्यांच्या दुचाक्या लावू द्याव्यात आणि मोटारीच्या मूळ चौकोनाला मात्र कोणाला बोट लावू देऊ नये. तो दिवसभर रिकामा दिसला पाहिजे. मग होते असे: गाडी येते, चौकोनात बरोबर बसते, दार वीतभर उघडते आणि बुलेटच्या सायलेन्सरला टेकते. माणूस थोडा वेळ आत बसून राहतो. मग गाडी मागे घेऊन निघून जातो. भांडण नाही, वॉचमनला त्रास नाही, आणि तक्रार आलीच तर रिकाम्या चौकोनाचा फोटो तयार.

आणखी एक सोय संहितेनेच करून ठेवली आहे. ती मोटारींची भाषा बोलते. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी येणारे दिव्यांग मोठ्या संख्येने येतात ते साइडव्हील लावलेल्या स्कूटरवर, नाहीतर रिक्षाने. पोलिओ झालेला, कॅलिपर लावणारा माणूस दोन जादा चाकांच्या स्कूटरवर बाजूला कुबड्या बांधून दाखला न्यायला येतो. त्याला मोटारीच्या चौकोनात शिरू द्यायचे नाही, कारण ‘ही फोरव्हीलरची जागा आहे’. साइडव्हील धरून त्याचीही चार चाके होतात, हा युक्तिवाद तो करील, पण वॉचमनने ऐकू नये. दुचाकीच्या रांगेतही त्याला बसवता येत नाही, कारण हँडलला हँडल लावून उभ्या केलेल्या गाड्यांत साइडव्हील अडकतात. शिवाय अशा बहुतेक स्कूटरना रिव्हर्स गिअर नसतो. धडधाकट माणूस जमिनीला पाय लावून गाडी मागे ढकलतो, ते याला जमत नाही. म्हणजे नाकाने आत शिरलेली स्कूटर बाहेर काढायला कोणाच्या तरी हातापाया पडावे लागते. एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर अशी चार फुटी गल्ली आखून दिली तर हा सगळा प्रश्न मिटतो. खर्च जवळपास शून्य. म्हणूनच ती आखू नये. ज्या कामाला टेंडर लागत नाही, ते सुरू करण्यात कोणाला रस असतो?

जागा कायमची अडवायची असेल तर निर्लेखनाच्या प्रतीक्षेतली जीप हे सर्वोत्तम साधन. तिचे टायर बसलेले असतात, बॉनेटवर मांजर व्यायलेले असते आणि तिचा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे प्रलंबित असल्याने तिला हलवण्याचा अधिकार कोणालाच नसतो. जीप नसल्यास जनरेटर. तोही नसल्यास मोठ्या कुंड्या, कारण झाडांना कोणी नाव ठेवत नाही. वाहनतळापासून दारापर्यंतच्या वाटेत पावसाच्या पाण्याची जाळी आडवी न बसवता उभी बसवावी. खुर्चीची पुढची छोटी चाके तिच्या फटीत नेमकी जातात. रॅम्प 1:12 उताराचा असावा असा नियम आहे, म्हणजे दीड फूट उंच जोत्याला 18 फूट लांबी. आपल्याकडे सहा फुटांत भागवतात. खाली उतरताना वेळ वाचतो.

एवढ्यातूनही कोणी येऊन पोहोचलाच, तर वॉचमनची तोंडी परीक्षा आहे. प्रश्न एकच: ‘तुम्ही तर चालताय की?’ कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि त्यांत सिकल सेल, हिमोफिलिया, पार्किन्सन्स असे न दिसणारे आजारही आहेत, हे वॉचमनला चुकूनही सांगू नये. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या एखाद्या मुलीने सांधे ठणकत असताना सिकल सेलचे कार्ड पुढे केले, तरी त्याने तिच्या पायांकडेच पाहावे. उलट गाडीच्या काचेवर निळे स्टिकर असलेल्या पुढाऱ्याला सलाम करून आत सोडावे. स्टिकर बाजारात कोणालाही मिळते, सलाम मात्र माणूस बघूनच.

कायद्याचे दडपण घेऊ नये. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत होती. नियम जून 2017 मध्ये आले, मुदत 2022 मध्ये संपली. मुदत संपली की काम संपले, अशी आपल्याकडची पद्धत आहे. पहिल्या उल्लंघनाला दंड 10,000 रुपयांपर्यंत, पाटी आणि रंगाच्या बिलातही कधी कधी एवढे बसते. पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला मात्र 50,000 ते पाच लाख, तेव्हा प्रत्येक उल्लंघन पहिलेच वाटेल असे ठेवावे. बदली हा त्यावरचा सिद्ध उपाय आहे. एक गोष्ट तेवढी खटकते. 2005 साली दाखल झालेल्या एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये म्हटले की सुगमतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, काही किमान नियम सक्तीचे करा, आणि केंद्राला तीन महिने दिले. राजीव रतुरी नावाच्या दृष्टिहीन माणसाने एकोणीस वर्षे चिकाटी धरली, त्यामुळे आता ‘मार्गदर्शक सूचनाच तर आहेत’ हे आपले लाडके वाक्य जपून वापरावे लागेल.

तक्रार लेखी आल्यास उत्तरही लेखी द्यावे. नमुना सोबत:

‘महोदय, आपला अर्ज या कार्यालयास प्राप्त झाला. दिव्यांगांसाठी राखीव वाहनतळ नियमानुसार उपलब्ध असून त्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. सदर जागेवरील वाहनाचा निर्लेखन प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयास सादर केलेला आहे. तथापि आपले म्हणणे ऐकून घेण्यासाठी सुनावणी ठेवण्यात येत असून आपण मूळ दिव्यांगत्व प्रमाणपत्रासह समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपणास काही सांगावयाचे नाही असे समजून अर्ज निकाली काढला जाईल. येताना वाहन आवारात आणू नये, पार्किंगची सोय मर्यादित आहे.’