चिंचेचं घराणं

ग्वाल्हेरात मुहम्मद घौसांच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनाची साधीशी कबर आहे आणि तिच्याजवळ चिंचेचं झाड. त्याची पानं चावली की गळा गोड होतो, ही गवयांची जुनी श्रद्धा. मूळ झाड केव्हाच गेलं, आजचं त्याच्या जागी आलेलं. म्हणजे वैद्य बदलला, औषध तेच राहिलं. गंमत अशी, की गवयाच्या पथ्यात पहिली फुली बसते ती आंबटावर. एकाच झाडाचं फळ कुपथ्य आणि पाला मात्र प्रसाद!

यावर कोणी म्हणेल, आंबटानं तोंडाला पाणी सुटतं, कोरडा घसा ओलावतो. खरं आहे. पण तोंडाला पाणी सुटणं वेगळं आणि षड्ज लागणं वेगळं. चावलेलं पान अन्ननलिकेच्या वाटेनं पोटात जातं. स्वरयंत्र शेजारच्या वाटेवर, त्याला ते शिवतही नाही. मोठमोठ्या गवयांनी पानं खाल्ली, हाही पुरावा नव्हे. चिंचेचा पाला शेळ्या पिढ्यान्‌पिढ्या खातात, पण शेळ्यांचं घराणं काही निघालं नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, ती पाल्याची जुडी बांधून नव्हे. वासुदेवबुवा जोशींकडे तालीम घेऊन. पुढे त्यांच्याच शिष्यानं, विष्णु दिगंबर पलुसकरांनी, 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथंही रियाजच शिकवला.

मग चिंच निरुपयोगी? छे! तिचा आंबटपणा टार्टारिक आम्लाचा. ते उकळून उडून जात नाही, म्हणून आमटी कितीही रटरटली तरी चव टिकते. पिकलेली चिंच पोट साफ करते, तिचा चोथा पितळेची भांडी. आणि घशाचंच म्हणाल, तर अळूच्या फतफत्यात चिंच पडते ती घसा खाजू नये म्हणून. गळ्यावर तिचे खरे उपकार आहेत ते इथं, पण त्यासाठी तिला कोणी नमस्कार करत नाही. ती मुळात आपली नाहीच, आफ्रिकेची, असाही आक्षेप येईल. अरबांनी तिला ‘हिंदुस्थानी खजूर’ म्हटलं आणि शास्त्रीय नावातही ‘इंडिका’ चिकटलं. पण ग्वाल्हेरचे शिंदे तरी साताऱ्याकडचेच ना? आणि तिथल्या गायकीच्या घराण्याचं मूळ सांगताना लखनौच्या नत्थन पीरबक्षांचं नाव घेतात. रुजला तो गावचा, हाच तिथला शिरस्ता.

तेव्हा डिसेंबरात तानसेन समारोहाला जाल तर कान उघडे ठेवा आणि पाला झाडावरच राहू द्या. स्वर रियाजानं येतो; चिंच आमटीत घालावी.